पिशवीची ऊब

या सदरात येणारे अनुभव मी आजवर वाचत आले ते चुका काढण्यासाठी. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे लाल पेन्सिलीची सवय हाताला आहेच. कोणाला ओढ्यावर बाई दिसते, कोणाला वाड्यात पावलं ऐकू येतात... आणि मी मनातल्या मनात समासात लिहिते — "पुरावा?" आज मीच लिहायला बसले आहे. वाचकांनी खुशाल पेन्सिल चालवावी.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि त्यालाही कारण होतं. ऐन तरुणपणी माझे यजमान गेले. त्यानंतर मी पुष्कळ वाट पाहिली. स्वप्न पडेल, चाहूल लागेल, निदान त्यांच्या उपरण्याचा वास तरी येईल. काही आलं नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की गेलेलं माणूस जातं, मागे फक्त कपडे राहतात. मग ट्रेनिंग कॉलेज केलं, सोलापुरात नोकरी धरली आणि धाकट्या भावाला, मधूला, माझ्याकडे आणलं. साखर पेठेत दोन खोल्या होत्या. आजूबाजूला सगळी तेलुगू विणकरांची घरं. दिवसभर मागांचा खटखटाट चालायचा. त्या आवाजातच मधू वाढला आणि गिरणीत फिटर झाला.

पुढे गिरणीने आग विझवणाऱ्यांचं एक पथक काढलं, त्यात मधू गेला. कापसाची आग विचित्र असते. ज्वाळा दिसत नाहीत, गठ्ठा आतल्या आत धुमसतो आणि सगळं गोडाऊन धुराने भरून जातं. अशा धुरात शिरायला विलायतेहून एक साधन मागवलं होतं. साहेब त्याला अॅपरेटस म्हणत, पथकातले लोक नुसतं "पिशवी" म्हणत. पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी, छातीवर रबर आणि कॅनव्हासची मोठी पिशवी, नाकाला चिमटा, दातांत नळीचं तोंड. बाहेरची हवा आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. आपण टाकलेला श्वास पिशवीत जातो, तिथे कॉस्टिक सोड्याच्या खड्यांत त्यातला विषारी वायू शोषला जातो, आणि तीच हवा ऑक्सिजन मिसळून पुन्हा आपल्याकडे येते.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण असं, की त्या साधनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मधूला मीच मराठीत सांगितलं. संध्याकाळी तो भाकरी खाता खाता ऐकायचा.

"अक्का, थांब. ऑक्सिजन किती उरला ते काटा सांगतो. सोडा किती उरला ते कोण सांगणार?"

मी पानं चाळली. पुस्तकात लिहिलं होतं, की अमुक वेळ वापरलेला सोडा, अर्धा जिवंत असला तरी, टाकून द्यावा आणि नवा भरावा. काटा कुठेच नव्हता.

"म्हणजे कोणीच नाही," मधू म्हणाला. "हुसेनचाचा सांगतात तेच खरं. हात सांगतो."

हुसेनचाचा पथकातले वडीलधारे फिटर. सोडा हाताळून त्यांच्या बोटांची सालं कायम निघालेली असत. त्यांनी पोरांना शिकवलं होतं, की सोडा काम करतो तेव्हा तापतो. श्वास जितका आत जाईल तितकी पिशवी ऊबदार. आधी वरची बाजू तापते, मग तिथला सोडा संपला की ऊब खाली सरकते, आणि शेवटी तळाशी येऊन विझते. "सोडा मर गया," असं ते म्हणत. तोंडात नळी असल्यावर बोलता येत नाही, म्हणून आत गेलेल्या जोडीदारांनी मधूनमधून एकमेकांच्या पिशवीला हाताची मागची बाजू लावायची, मुलाचा ताप बघतात तशी. ऊबदार असेल तर खांद्यावर दोन थापा. म्हणजे चल पुढे.

एकदा मधूने सरावानंतर पिशवी घरी आणली. माझी भावजय काशी सांगोल्याकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो चिमटा लावून, डोळ्यांवर चष्मा चढवून चुलीपुढे उभा राहिला तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला.

"वन्सं, बगा की वो! ह्यांचं सोंग बगा! बैलाच्या तोंडाला मुसकं घातल्यागत दिसत्यात!"

मधूने तिचा हात धरून पिशवीवर ठेवला. ती दचकली.

"अगं बया, लई ऊन हाय की!"

त्याने नळी काढली. "माझा श्वास आहे तो. कळलं?"

"श्वास कसला, भाकरीचा डबा हाय ह्यो. उद्यापास्नं तुमच्या भाकरी ह्यातच ठिवते. दुपारपत्तूर निवायच्या न्हाईत."

आम्ही तिघंही किती हसलो होतो. मी एवढं हसल्याचं मला त्यानंतर आठवत नाही.

सोड्याचे डबे बोटीने मुंबईला आणि तिथून इकडे येत, महिनोन् महिने लागत. म्हणून पथकात पुस्तकाबाहेरची एक रीत पडली होती. सरावात थोडाच वेळ वापरलेला सोडा टाकायचा नाही. पिशवीवर खडूची रेघ ओढून ठेवायची, म्हणजे ही अर्धी आहे हे कळतं. आग लागली तर रेघ नसलेली घ्यायची. रीत चांगली होती, वर्षभर निभावलीही.

त्या वर्षी खंडेनवमीला गिरणीत नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. माग, लेथ, पाने, हातोडे... आणि पथकाच्या पिशव्या. मधूला स्वच्छतेचं वेड. त्याने सगळ्या पिशव्या रिठ्याच्या पाण्याने पुसल्या, पितळ घासून लखलखीत केलं, हळदकुंकू लावलं, आणि हुसेनचाचांनी आणलेल्या झेंडूच्या माळा घालून ओळीने मांडल्या. खडूच्या रेघाही त्यात पुसल्या गेल्या. हे त्याच्या ध्यानात आलं होतं. घरी येऊन मला म्हणाला, "दसरा होऊ दे, मग सगळ्यांचाच सोडा बदलतो." पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात, हे कोणीही सांगेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला, तो पाळीचा नव्हता.

पुढचं मला हुसेनचाचांनी सांगितलं. माळा तशाच ओढून काढून त्यांनी आणि मधूने हाताला येतील त्या पिशव्या चढवल्या. धुरात शिरले. आत गठ्ठे धुमसत होते, भिंतींना हात लावता येत नव्हता. थोड्या वेळाने चाचांनी मधूच्या पिशवीला हात लावून पाहिला. ऊबदार होती. दोन थापा मारल्या. मधू पुढे गेला, आणखी आत, आणि मग दमलेला माणूस पारावर टेकतो तसा एका गठ्ठ्यावर बसला. चाचांनी त्याला ओढत बाहेर आणलं तेव्हा संपलं होतं. काट्यावर ऑक्सिजन अर्ध्याहून अधिक शिल्लक होता.

"वहाँ सबच गरम था, अक्का," चाचा म्हणाले. "दीवार गरम, हवा गरम, मेरा हात गरम. मुर्दा सोडा भी गरमच लगता. ये मेरेकू उस वक्त नहीं सूझा... मैंने दो थापा मारा. मैंने बोला, चल."

ते आमच्या उंबऱ्यावर बसून हे सांगत होते. काशीने आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी समाधानाने म्हणाले, "काही मागे राहिलं नाही हो त्याचं." मला ते पटलं. म्हटलं ना, माझा तोच विश्वास होता.

दिवसकार्य झाल्यानंतर मी मधूचे कपडे आणायला पथकाच्या खोलीत गेले. थंडीची सकाळ होती. उत्तरेकडे खिडकी असलेली, ऊन न येणारी खोली. चाचांनी मला कपड्यांचं गाठोडं दिलं आणि तसेच उभे राहिले.

"अक्का, तू पढीलिखी है. एक काम कर. इसकू हात लगा."

खुंटीवर ओळीने पिशव्या होत्या. मधूची शेवटची. चाचांनी ती धुऊन, नवा सोडा भरून, तोंडाला बूच मारून ठेवली होती, नियमाप्रमाणे. गेलेल्या माणसाची म्हणून तिला कोणी हात लावत नसे. बाकीच्या पिशव्या रिकाम्याच होत्या. त्या आगीत सोडा बराच खर्ची पडला होता.

मी हाताची मागची बाजू लावली.

ऊब होती. फार नाही. झोपेतून उठवलेल्या मुलाच्या मानेला असते तेवढी. शेजारची पिशवी बर्फासारखी होती. मी पुन्हा हिला हात लावला, पुन्हा तिला. मग मधूची पिशवी खुंटीवरून काढून दुसऱ्या टोकाला टांगली, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि बाकावर बसून राहिले. फडकं काढलं तेव्हा हाताला ऊब तशीच लागली. वरच्या बाजूला, नळीच्या तोंडापाशी.

"दमट हवा आत गेली असेल," मी म्हणाले. "पाण्यानेही सोडा तापतो, चाचा."

"हौ," चाचा म्हणाले. "मैं भी वहीच बोला अपने दिल कू. दो बार खोलके देखा. पानी नहीं. बूच एकदम टाइट."

त्यानंतर मी शाळा सुटली की तिकडे जाऊ लागले. ऊब खाली सरकत होती. अगदी सावकाश, दिवसादिवसाने. पुस्तकात श्वास घेणाऱ्या माणसाचं जे वर्णन होतं तेच, फक्त झोपलेल्या माणसाहूनही कितीतरी हळू. ती तळाशी पोचली तेव्हा चाचांनी पिशवी उघडली. नवे कोरे खडे भरले होते, त्यांचा आता भुरकट, चिकटून बसलेला गोळा झाला होता. वापरलेल्या सोड्याचा होतो तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कोणीही काही न विचारता त्यांनी नवा डबा फोडला आणि पिशवी भरली. थोड्या वेळाने वरची बाजू कोमट झाली.

हे असं किती वेळा झालं ते मी लिहीत नाही. साहेबाला कळतं तर चाचांची नोकरी गेली असती. एवढं सांगते, की त्या दिवसांत मी दुःखी नव्हते. लाज वाटते लिहायला, पण मी वर्गात कविता शिकवताना मध्येच थांबून मनाशी म्हणायची — आता श्वास घेत असेल.

मग डबे संपत आले. मुंबईहून बोटीची काही खबर नव्हती. शेवटचा एक डबा फळीवर राहिला आणि पिशवीतली ऊब पुन्हा निम्म्याखाली उतरली. तेव्हा मी काशीला सांगितलं. तिला न सांगता पुढे काही ठरवणं मला योग्य वाटेना.

तिने सगळं ऐकून घेतलं. खोटं आहे म्हणाली नाही, रडली नाही. "मला तितं न्या," एवढंच म्हणाली.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. गिरणीला सुट्टी, सगळं गाव नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेलेलं. पथकाच्या खोलीत भरदुपारी आम्ही तिघंच होतो. काशीने पिशवी मांडीवर घेतली आणि चाचांनी शिकवावं तशी, पण कोणी न शिकवता, हाताची मागची बाजू टेकवली. बराच वेळ तशीच बसली.

"हायत," ती म्हणाली.

ऊब आता तळाच्या एका कोपऱ्यात, तळहाताएवढी उरली होती. चाचांनी फळीवरचा डबा काढला. "आखरी है. डालूं क्या?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी मान डोलावली. माझं ठरलेलंच होतं. पुढचं पुढे बघू.

"चाचा," काशी म्हणाली, "ह्यो संपल्यावर आग लागली तर तुमी काय घालनार?"

चाचांनी डबा हातातल्या हातात फिरवला.

"तसंच जानार न्हवं आत? मला ठावं हाय, जानार तुमी." तिने डब्याकडे बघितलंही नाही. "ऱ्हाऊ द्या. ज्याचा श्वास चालू हाय त्याला ऱ्हाऊ द्या त्यो."

"इसका भी चालू है, बेटी."

काशीने पिशवीवरचा हात काढला नाही. बाहेरून, लांबून, "हर्र बोला हर्र" असा गजर आला आणि गेला. मग तिने मला विचारलं, "वन्सं, सोडा सरल्यावर काय हुतं मानसाला? पुस्तकात काय लिवलंय?"

पुस्तकात लिहिलं होतं, की आधी डोकं जड होतं, मग दम लागतो, छाती भात्यासारखी हलते, आणि मग गुंगी येते. मी म्हणाले, "झोप लागते."

"मग बरं," काशी म्हणाली.

आम्ही बसून राहिलो. ऊब रुपयाएवढी झाली. तोवर ती पिशवी इतके दिवस टांगलेली असताना कधीही हललेली मी पाहिली नव्हती. आता काशीच्या मांडीवर तिच्या बाजू किंचित वर आल्या आणि बसल्या. पुन्हा आल्या, पुन्हा बसल्या. मग घाईने. आणखी घाईने.

काशीने वर बघितलं. तिचा तो चेहरा मी कोणालाही सांगू शकणार नाही.

"वन्सं... झोप न्हाय ही. दम लागतोय त्यास्नी."

चाचांनी डब्याच्या झाकणाला पाना घातला. पाना निसटत होता. काशीने एक हात पिशवीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. घट्ट. वळ उठला होता, मी नंतर पाहिला.

"नगा, चाचा."

"बेटी, छोड —"

"नगा म्हनते न्हवं का!"

मग पिशवी थांबली. काशी तिच्यावर वाकून बसली होती, तशीच राहिली. खूप वेळाने मी हात लावला. शेजारच्या पिशवीसारखीच होती, थंड.

यानंतर पंधरवडाही गेला नसेल. गिरणीच्या दुसऱ्या गोडाऊनला आग लागली. बोट आलेली नव्हती. शेवटच्या डब्यातला सोडा भरून चाचा आत गेले. बरोबर जायला दुसऱ्याकडे सोडा नव्हता, म्हणून एकटेच. आत अडकलेल्या एका हमालाला घेऊन ते बाहेर आले. तसेच, काळ्या तोंडाने, पिशवी छातीवर घेऊन आमच्या दारात आले आणि काशीपुढे उभे राहिले.

"बेटी, हात लगा."

काशीने पिठाचा हात पुसला आणि लावला. पिशवी चांगली तापलेली होती. चाचांच्या स्वतःच्या श्वासाने.

"व्हय," ती म्हणाली, "ऊन हाय." आणि चुलीपाशी परत गेली.

तिचं बरोबर होतं. दोन माणसं जिवंत राहिली हे मी स्वतःला रोज सांगते. त्याने आमच्या घरातलं काहीही हललं नाही.

पुढे डबे आले. चाचांनी मधूची पिशवी दोनदा भरून ठेवली. खडे होते तसे पांढरे राहिले, पुन्हा कधी ऊब आली नाही. मी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना नाव न सांगता सगळं विचारलं. त्यांनी दमट हवा, झाकणातून शिरलेला वायू, दुःखी मनाची कल्पना, असं नीट समजावून सांगितलं. मी होकार देत ऐकलं. माझ्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितलं असतं. रबर का हललं, ते त्यांनाही सांगता आलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. कारण त्यांचं म्हणणं खरं मानलं तर मधू तेव्हा तिथे नव्हताच. आणि तो तिथे होता असं मानलं, तर त्या दुपारी आम्ही तिघं काय करत बसलो होतो, याचा विचार मला करवत नाही. दोन्हींपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. कोणती, ते मला आजही ठाऊक नाही.

काशी माझ्याकडेच असते. माहेरी गेली नाही. संध्याकाळी दोघींपुरत्या भाकरी करते, तव्यावरून काढते आणि टोपलीत उघड्याच ठेवून देते. मी जेवून उठते तरी ती बसलेलीच असते. भाकरी पुरती निवल्याशिवाय ती हातात घेत नाही.